चोविसाव्या वर्षी गेलेला, इंजिनिअरिंगचे दोन पेपर राहिलेला मुलगा: याच्याबद्दल पोरांना काय सांगावं?

बावखल
मंडळी, मदत हवी आहे. वेळ कमी आहे, रविवारपर्यंतच.

आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या) युवक मंडळाने पियेर जॉर्जो फ्रास्सातीवर कार्यक्रम ठेवलाय. बोलायचं काम माझ्या भाच्याच्या गळ्यात पडलं, कारण तो इंजिनिअरिंगला आहे आणि फ्रास्सातीही होता. भाच्याने ते माझ्या गळ्यात टाकलं, कारण ‘मामा वाचतो’.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीतल्या तुरीनचा मुलगा. जन्म ६ एप्रिल १९०१. वडील अल्फ्रेदो म्हणजे ‘ला स्ताम्पा’ या मोठ्या दैनिकाचे सर्वेसर्वा, सेनेटर, पुढे बर्लिनला इटलीचे राजदूत. देवाधर्माशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आई अदेलाइदे चित्रकार. एक धाकटी बहीण, लुचाना. हा तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये खाणकामाच्या अंगाने इंजिनिअरिंग शिकत होता. ४ जुलै १९२५ ला पोलिओने गेला. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं, कार्लो आक्युतिसच्या जोडीने.

मी तीनदा भाषण लिहिलं. तिन्ही वेळा ते सातवीच्या धड्यासारखं झालं. ‘लहानपणापासूनच त्यांच्या मनात गोरगरिबांविषयी कणव होती’ वगैरे. भाचा म्हणाला, मामा, दुसऱ्या वाक्याला सगळे मोबाइल काढतील. खरंय त्याचं. याने लढाई केली नाही, शोध लावला नाही, पुस्तक लिहिलं नाही, संस्था काढली नाही. डिग्रीसुद्धा नाही. आठ मिनिटांत याचं काय सांगायचं?

डोंगरभटक्या
अरे हा तर आपला माणूस! ट्रेकर होता. आल्प्समधलं ग्रिव्होला त्याने केलंय, ३,९६९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर अजून बरंच काही, आणि तेसुद्धा १९२० च्या दशकातले बूट आणि दोर घेऊन.

गिर्यारोहणाचा फोटो लावा, पोरं आपोआप ऐकतील. त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे, कड्याला लटकलेला. ७ जून १९२५ च्या चढाईचा. त्या फोटोवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘वेर्सो लाल्तो’. उंचाकडे, वरच्या दिशेने. पुढच्या महिन्यात गेला. तीच त्याची शेवटची चढाई.

तिरकस
आता हे ‘वेर्सो लाल्तो’ टी-शर्टावर, कपावर आणि बॅगेवर मिळतं. ऑनलाइन बघा.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: काही सांगू नका. पेपरमालकाचा मुलगा बापाच्या पैशावर दानधर्म करायचा. असे आपल्याकडेही प्रत्येक वाढदिवसाला वह्या वाटतात, फ्लेक्ससकट.

बावखल
@तिरकस, मला वाटलंच होतं तुम्ही येणार. 😀 पण तुमचा नेम चुकलाय. घरी पैसा होता, याच्या खिशात नसे. आईवडील हात आखडता घेऊन पैसे देत. हा ट्रामचे पैसे देऊन टाकायचा आणि जेवणाच्या वेळेत पोचायला धावत सुटायचा, कारण त्या घरात जेवायला उशीर म्हणजे गुन्हा. रेल्वेने तिसऱ्या वर्गातून जायचा. का, असं विचारलं तर म्हणे, चौथा वर्ग नाही म्हणून.

आणि फ्लेक्सचं म्हणाल तर घरात कुणालाच पत्ता नव्हता. हा कुठे जातो, कुणाच्या खोलीत बसतो, कुणासाठी औषध आणतो, काही नाही. त्यांच्या लेखी तो अभ्यासात मंद, जेवणाला उशिरा येणारा, जरा धांदरट मुलगा.

पागोळी
दानाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात ना तुमच्यात? माझी वसईची मैत्रीण म्हणायची, ‘आज बाबा कॉन्फरन्सला गेलेत’. मला कित्येक वर्षं वाटायचं, काका मोठ्या कंपनीत आहेत.

बावखल
😀 हो. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखेला कॉन्फरन्स म्हणतात. दर आठवड्याला बैठक, मग दोघादोघांनी मिळून घरोघर भेटी. फ्रास्साती १९१८ पासून त्याच सोसायटीत होता.

एक गंमत. ती सोसायटीही कॉलेजच्या मुलांनीच काढलेली. १८३३, पॅरिस. फ्रेदेरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. आज आमच्याकडे कॉन्फरन्सला जाणारे बहुतेक पेन्शनर आहेत. हे भाषणात टाकलं तर पुढच्या रांगेतले काका रागावतील.

डॉ_शून्य
वैद्यकीय बाजू सांगतो, कारण ‘पोलिओ’ म्हटलं की आपल्याला लहान मूल आठवतं.

प्रौढाला झाला तर तो बरेचदा जास्त वाईट असतो. जून १९२५ च्या शेवटी त्याला डोकेदुखी, अंगदुखी, ताप. घरात त्याच वेळी आजी मरणाच्या दारात, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. आजी १ जुलैला गेली. तिच्या मयताला हा उठू शकला नाही, तेव्हा कुठे घरच्यांना कळलं की काहीतरी गंभीर आहे. तोवर लुळेपण वर सरकत होतं. ते श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं की खेळ संपला. लोखंडी फुप्फुस म्हणतात ते यंत्र १९२८ चं, साल्कची लस १९५५ ची. म्हणजे १९२५ मध्ये डॉक्टरच्या हातात काहीही नव्हतं.

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तुमच्या हॉलमधल्या पोरांना हा रोग ठाऊकच नसेल. ‘दो बूंद’ची जाहिरात आठवणारी ही शेवटची पिढी, तीही अंधुक.

त्याला लागण गरिबांच्या खोल्यांमध्ये झाली असं बहुतेक चरित्रांत ठोकून दिलेलं असतं. शक्य आहे. पण पोलिओ कुठूनही होऊ शकत होता. भाषणात हे विधान छातीठोक करू नका, एवढीच विनंती.

निंबोणी
मी जरा वाकडा प्रश्न विचारते. लाउरा हिदाल्गोचं काय?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: त्यांच्या डोंगरच्या कंपूतली मुलगी. आईबाप गेलेले, शिकणारी, हुशार. याचा तिच्यावर जीव होता आणि याने तिला कधी सांगितलंच नाही. घरी ती चालली नसती. शिवाय आईवडिलांचा संसार तुटायला आला होता, त्यात आपलं एक भांडण नको, असा विचार. याला सगळीकडे ‘त्याग’ म्हणतात. मला यात आपल्याकडचा ओळखीचा मुलगा दिसतो. ‘घरचे ऐकणार नाहीत’ म्हणत गप्प बसणारा. आणि तिला विचारलं कुणी?

मिष्टी_दही
+१००. असे तीन जण माझ्याच बॅचला होते. त्यातला एकही संत झाला नाही.

बावखल
@निंबोणी, प्रामाणिक उत्तर: मलाही ते पूर्ण पटत नाही. पण एक सांगतो. याने आपलं लग्न मोडून आईवडिलांचं वाचवायचा हिशोब केला होता, आणि तो जिवंत असताना काही तो जमला नाही. ते वेगळे झाले नाहीत हे खरं, पण ते त्याच्या मरणाने. वडील १९६१ ला वारले, श्रद्धेकडे वळूनच. हे सगळं आठ मिनिटांत कसं बसवू?

नगरकर_आजोबा
चिरंजीव, आम्ही नगरचे. हो, अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागेपर्यंत आमची मुदत संपेल. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनमधलं, प्रॉटेस्टंट. आम्ही संत मानत नाही. म्हणजे मानतो, पण सगळ्यांनाच. पौलाच्या पत्रांत मंडळीतल्या सर्वांना ‘पवित्र जन’ म्हटलंय, त्यात भांडकुदळ करिंथकरसुद्धा आले. रोममध्ये चौकशी करून, चमत्कार मोजून शिक्का मारायचा, हे आमच्या पचनी पडत नाही.

तरी या मुलाबद्दल वाचून एक प्रसंग मनात राहिला. ३ जुलै, शुक्रवार. शुक्रवार म्हणजे त्याचा गरिबांच्या भेटीचा वार. हा अंथरुणावर, हात लुळा पडत चाललेला. बहिणीला जाकिटातून वस्तू काढायला सांगितल्या आणि वेड्यावाकड्या अक्षरांत मित्राला चिठ्ठी लिहिली. मजकूर इतकाच: ही इंजेक्शनं कोन्व्हेर्सोची आहेत. गहाणाची पावती साप्पाची आहे, मी विसरलो होतो, तिची मुदत माझ्या खात्यावर वाढवून घे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला.

यात ना देवाचं नाव, ना उपदेश. उद्या सुई कुणाला टोचायची आणि कुणाची गहाण वस्तू बुडू द्यायची नाही, एवढंच. मला तर हे पुरे आहे. चमत्कार तुम्ही ठेवा.

तिरकस
आजोबा, दंडवत. चमत्कारांवर लिहिणार होतो, तुम्ही माझी हवाच काढलीत.

तरी लिहितोच. १९३३ मध्ये दोमेनिको सेल्लान नावाच्या माणसाचा मणक्याचा क्षय बरा झाला, त्यावर १९९० साली याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) केलं. मग लॉस एंजेलिसमधल्या एका सेमिनारियनची (पाद्री व्हायला शिकणाऱ्या मुलाची) घोट्यामागची शीर २०१७ मध्ये बरी झाली, त्यावर संतपद. शीर? माझ्या मेहुण्याची बॅडमिंटनमध्ये तुटलेली फिजिओथेरपीने बरी झाली. फिजिओला संतपद द्या.

डॉ_शून्य
@तिरकस, तुटलेली अकिलीस आपसूक जुळणं इतकंही सोपं नसतं. पण तो वाद इथे नको, तीनशे प्रतिसाद होतील आणि बावखल यांचा रविवार जाईल.

डोंगरभटक्या
त्यांच्या ट्रेकिंग ग्रुपचं नाव सांगितलं का कुणी? ‘तिपी लोस्की’, म्हणजे साधारण भानगडीची वाटणारी माणसं. मे १९२४ मध्ये काढलेला. मराठीत काय म्हणाल?

पागोळी
उनाड मंडळ?

मिष्टी_दही
टवाळ टोळकं.

इस्पिक_एक्का
माझे वडील पोलिसात होते. पंचनाम्यात याला एकच शब्द आहे: ‘संशयित इसम’.

डोंगरभटक्या
😂😂 संशयित इसम! हेच फायनल. मुली पण होत्या, म्हणजे ‘संशयित इसम व महिला’. सगळ्यांना टोपणनावं, हा स्वतः रोब्सपिएर. एकमेकांना खोटे सरकारी हुकूम पाठवायचे. त्यांचं ब्रीद होतं, थोडे पण चांगले, मॅकरोनीसारखे. पाइप ओढायचा, बिलियर्ड खेळायचा, डोंगरात मोठमोठ्याने दान्ते म्हणायचा, आणि बेसूर गायचा. हे सांगा ना पोरांना!

बावखल
हे सांगणारच. यात एक आतली गोष्ट आहे. या मुलामुलींच्या एकत्र सहलींवरूनच त्याच्या संतपदाचं काम पुढे अडलं. कुणीतरी वर कागाळी केली, रात्री डोंगरात मुलंमुली एकत्र राहत म्हणून, आणि फाइल कित्येक वर्षं बासनात. बहीण लुचाना हटली नाही. माहिती गोळा करून, साक्षी जमवून तिने ते निस्तरलं. भावापेक्षा वर्षाने लहान, आणि गेली २००७ साली, एकशे पाच वर्षांची होऊन. म्हणजे चोवीस वर्षांच्या भावाची आठवण तिने पुढे ब्याऐंशी वर्षं वाहिली.

पागोळी
हे वाचून थांबले जरा.

अर्धा_चहा
धागा सुरुवातीपासून वाचतोय, बोलणार नव्हतो.

१९९८-९९. मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर. रूम पार्टनर श्रीरामपूरकडचा, ख्रिस्ती. नाव लिहीत नाही. तो काही फ्रास्साती नव्हता. माझे दोनशे रुपये त्याने शेवटपर्यंत दिले नाहीत. गिटार आणली होती आणि तीन कॉर्डवर सगळी गाणी वाजवायचा. रविवारी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचा, आम्ही झोपेत शिव्या द्यायचो कारण तो ट्यूब लावायचा. नाताळात घरून करंज्या आणायचा. एकाने विचारलं, ‘तुमच्यात पण करंज्या असतात?’ तर म्हणाला, ‘नाही, सफरचंदं असतात, आदम खातो.’

सेकंड इयरच्या उन्हाळ्यात विहिरीत पोहायला गेला आणि गेला.

कॉलेजने शोकसभा घेतली. फोटोला हार, उदबत्ती. फळ्यावर खडूने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कै.’ आणि पुढे त्याचं नाव. त्याचे वडील आले होते, प्राथमिक शिक्षक. ते त्या फळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, रडतील. नाही रडले. कार्यक्रम संपल्यावर सगळे बाहेर पडले तेव्हा त्यांनी रुमालाने फक्त ते ‘कै.’ पुसलं. नाव तसंच ठेवलं. आणि हात झटकून, मला म्हणाले, बाळा, चहा कुठे मिळेल?

दोन वर्षं एका खोलीत राहून मला ठाऊक नव्हतं की ते कैलासवासी म्हणत नाहीत. विचारलंच नव्हतं कधी काही. तो मात्र आमच्या गणपतीच्या आरतीला टाळ घेऊन उभा राहायचा आणि ‘संकटी पावावे’ला सगळ्यांच्या वर आवाज लावायचा.

बावखल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. फ्रास्सातीच्या घरच्यांना त्याच्या मयताला काय कळलं ते वाचलं आणि हे आठवलं.

निंबोणी
❤️

नगरकर_आजोबा
अर्धा चहा, आमच्यात ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. त्या शिक्षकांनी ते वर लिहिलं नाही, नुसतं पुसलं. मी असतो तर बहुधा भांडलो असतो.

इस्पिक_एक्का
मयताला काय कळलं? मला ठाऊक नाही, सांगा कुणीतरी.

बावखल
६ जुलै १९२५. घरच्यांना वाटलेलं, सेनेटरचा मुलगा, तेव्हा बडी मंडळी येतील. ती आलीच. पण रस्ते भरले ते वेगळ्याच माणसांनी. हजारोंनी लोक. तुरीनच्या माळ्यांवर आणि तळघरांत राहणारे, ज्यांना या घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. आईबापांना त्या दिवशी कळलं की आपला मुलगा कोण होता. आणि तिकडे त्या गरिबांतल्या अनेकांनाही त्या दिवशीच कळलं की हा फ्रास्साती म्हणजे ‘ला स्ताम्पा’वाल्यांचा.

@अर्धा_चहा, काय लिहू. दोनशे रुपये सोडा आता.

अर्धा_चहा
सोडले कधीच. गिटार मात्र त्याच्या भावाने मला दिली. अजून तीनच कॉर्ड येतात.

तिरकस
मी या धाग्यावर चेष्टा करायला आलो होतो. ते असो. एक गोष्ट मला खरंच आवडली ती सांगतो, कारण भक्त लोक ती गाळतात: राजकारण.

हा नुसता भाबडा दानशूर नव्हता. १९२० मध्ये पोप्युलर पार्टीत गेला, फॅसिस्टांच्या विरोधात. १९२१ ला रोममध्ये कॅथलिक युवकांच्या मिरवणुकीत पोलिसांशी झेंड्यावरून झटापट केली आणि पकडला गेला. त्याच्या विद्यार्थी संघटनेने मुसोलिनीच्या स्वागताला झेंडा लावला तर याने राजीनामा पाठवला. जून १९२४ मध्ये, मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराचा खून होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा फॅसिस्ट गुंड याच्या घरात शिरून आरसे फोडायला लागले. हा जेवणाच्या टेबलावरून उठून अंगावर गेला आणि त्यांना पळवून लावलं.

पुढे ‘ला स्ताम्पा’ही बापाच्या हातातून गेलं. तेव्हा ‘मनाने कोमल’ वगैरे नका लिहू. ठोसा मारायचा पोरगा.

बावखल
तिरकसराव, तुम्ही एवढं वाचलंत?!

तिरकस
सुट्टी होती.

मिष्टी_दही
पेपरवरून आठवलं. त्याला खाणीत इंजिनिअर व्हायचं होतं ना? मग दोन पेपर राहिले असते तरी झालाच असता.

बावखल
नाही, तीच तर दुखरी जागा. खाण कामगारांमध्ये राहून काम करायचं म्हणून तो त्या शाखेला गेला. हुशार नव्हता, सात वर्षं रखडत, रात्री जागत अभ्यास केला. लॅटिनमध्ये शाळेतही नापास झालेला. आणि शेवट आला तेव्हा वडिलांनी, स्वतः नाही, पेपरमधल्या एका माणसाकरवी निरोप दिला की खाण वगैरे विसर, आपल्या पेपरच्या कचेरीत ये. त्याने विचारलं, बाबांना याने बरं वाटेल का? हो म्हटल्यावर, ठीक, म्हणाला.

भाचा हे वाचून म्हणाला, मामा, हे सांगू नकोस, समोर सगळ्यांचे बाबा बसलेले असतील.

पागोळी
म्हणून तर सांगायला हवं!

निंबोणी
आता मला लाउराचं जरा वेगळं दिसतंय. तिथेही ‘ठीक’, इथेही ‘ठीक’. फॅसिस्टाला ठोसा मारता येतो, बाबांना नाही म्हणता येत नाही. हा त्याचा मोठेपणा नाही वाटत मला, दुखणं वाटतं. पण म्हणून तो जवळचाही वाटतो.

नगरकर_आजोबा
निंबोणीताई, हे वाक्य मी माझ्या डायरीत लिहून घेतोय.

बावखल
अवांतर: भाषांतराला मदत करा. मित्राला लिहिलेल्या पत्रात, फेब्रुवारी १९२५, तो म्हणतो की श्रद्धेशिवाय, सत्यासाठी झगडल्याशिवाय जे होतं ते ‘विव्हेरे’ नाही, ‘विव्हाक्किआरे’ आहे. पहिलं म्हणजे जगणं. दुसरं त्याच क्रियापदाला हिणवून केलेलं. मराठीत?

इस्पिक_एक्का
दिवस ढकलणे.

मिष्टी_दही
रेटणे. ‘कसं चाललंय?’ ‘रेटतोय.’

पागोळी
पण मूळ शब्द त्याच धातूचा हवा ना. खाणं-खाबूगिरी, तसं जगणं-जगबूगिरी?

तिरकस
‘जगतोय’ला एक स्वल्पविराम आणि खांदे उडवणे. पुणेरी उच्चार.

नगरकर_आजोबा
आमची आई म्हणायची, ‘जगतोय कसला, जिवंत आहे नुसता.’ इटालियन नको, हे घ्या.

बावखल
आजोबा, घेतलं.

डोंगरभटक्या
रविवार झाला. वृत्तांत?

पागोळी
धागा वर काढतेय. बावखल कुठे आहेत? पॉपकॉर्न संपत आले.

बावखल
आलो. सोमवारी पाहुणे होते, सुकेळी बांधून द्यायची होती.

तर झालं असं. पाच पानी भाषण छापून दिलं होतं. उभा राहिल्यावर भाच्याने ते दुमडून खिशात घातलं. माझं काळीज थांबलं. म्हणाला, ‘हा एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, सात वर्षं झाली तरी पास झाला नव्हता.’ हशा. मग संशयित इसम. जास्त हशा. मग फॅसिस्टांना पळवलेलं, आरशांसकट. मग नगरकर आजोबांची चिठ्ठी, शब्दाला शब्द. आणि खाली बसला. साडेचार मिनिटं. लाउरा नाही, मयत नाही, खाण नाही, चमत्कारही नाही. फादर जरा गोंधळले, त्यांच्याकडे पुढचा मुद्दा चमत्काराचाच होता.

मग एका मुलीने हात वर केला. बारावीची असेल. ‘गहाणाची पावती म्हणजे काय?’

तिला खरंच ठाऊक नव्हतं. पुढच्या रांगेतले कॉन्फरन्सचे काका (तेच, जे रागावतील म्हणालो होतो) उठले आणि त्यांनी दहा मिनिटं गहाण, व्याज, मुदत, मुदत टळली की काय होतं, हे सगळं समजावलं. मग हळू आवाजात सांगितलं की १९८० च्या सुमाराला या गावातल्या एका घराचं मंगळसूत्र असंच सोडवलं होतं, नाव नाही सांगणार. यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘आमचंच.’ एक म्हातारी. हॉलमध्ये कुणी हललं नाही.

काकांना बघवेना. ते म्हणाले, ‘मावशी, तुम्ही कशाला सांगितलंत?’ म्हातारी म्हणाली, ‘तू सांगितलंस म्हणून.’

अर्धा_चहा
माझ्याकडून भाच्याला शाबासकी सांगा.

तिरकस
माझ्याकडूनही. आणि फ्लेक्स लावला नव्हता ना?

बावखल
लावला होता. तीन बाय सहा. वर फ्रास्साती, खाली देणगीदार. 🙏

नगरकर_आजोबा
आणि त्या मुलीने काही लिहून घेतलं का?

बावखल
तिने कॉन्फरन्सची बैठक किती वाजता असते ते विचारलं. सकाळी सात म्हटल्यावर चेहरा पडला. काका म्हणाले, साडेआठ करू.

मिष्टी_दही
सगळं ठीक, पण मुख्य प्रश्न राहिला. भाच्याची एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) सुटली का?

बावखल
त्याबद्दल घरात सध्या बोलायचं नाही असं ठरलंय.